मुक्काम कुणाच्या जमिनीवर?

जालना जिल्ह्यात तंबू लावून रात्र काढायची तर जागा कुठे शोधायची? प्रश्न साधा वाटतो. पण अंबडकडचे एक निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक आणि पुण्यात नोकरी करणारी त्यांची भाची यांना त्यावर अख्खी दुपार पुरली नाही. भाचीला डिसेंबरात तीन मैत्रिणींबरोबर सायकलवर निघायचं होतं: जालन्याहून अंबड, तिथून जांबसमर्थ आणि परतूरच्या बाजूने परत जालना. वाटेत दोन मुक्काम. मामांचं म्हणणं, मुक्काम मागून घ्यावा, विकत घेऊ नये. भाचीचं म्हणणं, पाणी, संडास आणि दराची पाटी असलेली जागा प्रत्येक तालुक्यात हवी. कुणाच्या ओळखीवर रात्र अवलंबून राहू नये.

दोघांनाही हा भाग मनापासून आवडतो. मतभेद आहे तो इथे आलेल्या माणसाला कसं ठेवून घ्यायचं, यावर.

भाची काही वर्षं अमेरिकेत ऑरेगन राज्यात होती. तिथल्या पठाराचं वर्णन तिने सुरुवातीलाच केलं. “मामा, आपल्याकडे सह्याद्री ढग अडवतो ना, तसा तिकडे कॅस्केड पर्वत अडवतो. पश्चिमेला हिरवंगार आणि पर्वत ओलांडला की ओसाड. तिथे आल्वर्ड नावाचं वाळवंट आहे, समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरवर. वाळलेल्या तळ्याचा सपाट तळ, मैलोन्‌मैल. जमीन केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याची. तंबू लावा, पैसे नाहीत. साधारण नियम एवढाच, की अठ्ठावीस दिवसांत चौदा दिवसांपेक्षा जास्त एका जागी राहायचं नाही. पाणी आपलं आपण न्यायचं, कचरा आपला आपण परत आणायचा. आणि ज्यांना सोय हवी त्यांच्यासाठी त्याच खात्याने त्याच भागात नदीकाठी पेज स्प्रिंग्ज नावाचा तळ बांधलाय. पाणी आहे, संडास आहे, फी आहे. फुकटही आहे आणि बांधलेलंही आहे, ज्याला जे परवडेल ते.”

मामांनी विचारलं, “त्या जिल्ह्यात माणसं किती?”

“हार्नी काउंटी. सव्वीस हजार चौरस किलोमीटर आणि माणसं साडेसात हजारांच्या आसपास.”

“आपला जिल्हा साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या थोडा वर. २०११च्या जनगणनेत माणसं साडेएकोणीस लाख. त्यांच्याकडे जेवढी माणसं, तेवढे आपल्याकडे चौरस किलोमीटर! पाऊस तिकडे किती म्हणालीस?”

“वर्षाला सात इंच.”

“आपल्याकडे सरासरी सव्वीस-सत्तावीस. कमी-जास्त होतो, दडी मारतो, पण ज्वारी-कापूस पिकण्याइतका पडतो. म्हणून इथली प्रत्येक गुंठा जमीन कुणीतरी कसतंय. दुष्काळी भाग म्हणजे मोकळा भाग, असं धरून चालू नकोस, माय. माळावर कुणी दिसत नाही, पण सात-बारा प्रत्येकाचा आहे.”

भाचीने सरकारी जमिनीचा मुद्दा काढला. गायरान तर गावोगावी आहे. खाजगी मालक नाही, कुंपण नाही. तिथे एक रात्र तंबू लावला तर कुणाचं काय बिघडणार? यावर मामा बराच वेळ बोलले. गायरान म्हणजे गावाच्या गुरांचं चरण. नोंद सरकारच्या नावावर असली तरी वापर गावाचा. मराठवाड्यात गायरानाला आणखी एक इतिहास आहे. भूमिहीन कुटुंबांनी, त्यातही दलितांनी, पिढ्यान्‌पिढ्या पडीक गायरानं वहितीखाली आणली. त्या जमिनी नावावर व्हाव्यात म्हणून मोर्चे निघाले, खटले चालले. सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये जगपाल सिंग विरुद्ध पंजाब सरकार या खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचा आदेश दिला, तेव्हापासून गायरानावर राहणाऱ्या-कसणाऱ्या माणसाच्या मनातली धास्ती वाढली. “अशा जमिनीवर रात्री चार अनोळखी तंबू दिसले की तिथल्या बाईला पहिला प्रश्न पडतो, हे मोजणीवाले तर नाहीत? तुमच्यासाठी ती एक रात्र. तिच्यासाठी घराचा प्रश्न.”

भाचीने हा मुद्दा लगेच मान्य केला. जंगलाचा पर्याय तिने स्वतःच बाजूला ठेवला. या जिल्ह्यात वनजमीन फारच थोडी आणि जी आहे तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही.

मग फुकट मुक्काम उरतो कुठे?

मामांच्या मते तो चालत्या माणसांकडून शिकावा. खरिपाची काढणी झाली की मेंढपाळांचे वाडे या भागातून फिरू लागतात. घोड्यावर बिऱ्हाड, मागे मेंढरं, कोकरं, कुत्री. संध्याकाळी ठरलेल्या शेतात वाघर लागते, म्हणजे जाळीचं कुंपण, आणि रात्रभर मेंढरं त्यात बसतात. सकाळपर्यंत शेतभर लेंडीखत पडलेलं असतं. त्यासाठी शेतकरी मेंढपाळाला धान्य देतो किंवा रोख पैसे देतो. “मुक्कामाला आलेल्या माणसाला जमिनीचा मालक पैसे देतो, असा हा एकच मुक्काम मी पाहिला,” मामा म्हणाले. “कारण तो जाताना जमीन आधीपेक्षा चांगली करून जातो. दुसऱ्या रात्री वाघर पुढच्या पट्टीत. चार रात्रींत एकर खताने भरलं.”

दिंड्यांचा हिशोब वेगळा, पण फुकट तोही नाही. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढीनंतर पंढरपूरहून परतताना शहागडवरून गोदावरी ओलांडून जालना जिल्ह्यात येते आणि पुढे सिंदखेडराजा, लोणार करत शेगावला पोचते. शेकडो वारकरी आणि रोज नवं गाव. कुणी जेवण देतं, कुणी मंगल कार्यालय उघडून देतं, कुणी शाळेची किल्ली आणतं. रात्री हरिपाठ होतो, कीर्तन होतं, गाव ऐकायला बसतं. नर्मदा परिक्रमेला जाणारी मराठी माणसंही अशीच सदाव्रताच्या शिध्यावर चालतात. मामांच्या लेखी हीच इथली मुक्कामाची रीत. आलेला माणूस काहीतरी देऊन जातो, म्हणून पुढच्या वर्षी दार उघडं राहतं.

“आणि ज्याच्याकडे ना मेंढरं, ना कीर्तन?” भाचीने विचारलं. “चार सायकली घेऊन आलेल्या बायकांनी काय द्यायचं? मामा, तुमच्या रीतीत ओळख लागते. तुम्ही गुरुजी म्हणून चार तालुक्यांत फिरलात, प्रत्येक गावात तुमचा विद्यार्थी आहे. तुम्हाला ओसरी मिळते. मला आधी विचारतात, कुणाच्या, कुठल्या, सोबत कोण आहे. कधी जात विचारतात. दराची पाटी जात विचारत नाही. म्हणून मला पाटी हवी.”

तिचा दुसरा मुद्दा याहून कठीण होता. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पाच-सहा महिने उघड्या रानात किंवा कारखान्याच्या आवारात कोप्या घालून राहतात. पाचट, बांबू, वर प्लास्टिकचा कागद. “फुकट मुक्कामच आहे ना तो? जागेचं भाडं नाही. पण तिथल्या बाईला पहाटे अंधारात उठून आडोसा शोधावा लागतो. पाणी डोक्यावरून आणायचं आणि उजाडायच्या आत फडात पोचायचं. उघड्यावरचा मुक्काम किती मोकळा असतो, हे पुरुषांनी सांगू नये. त्या बाईला विचारावं. संडासाशिवायच्या जागेला मी मुक्कामाची जागा मानत नाही, मग ती मेंढपाळाची असो नाहीतर वारकऱ्याची.”

मामांनी यावर वाद घातला नाही. शाळेच्या सहली नेताना मुलींसाठी सगळ्यात आधी शोधावी लागे ती हीच सोय, आणि ती नसल्यामुळे कितीतरी आया मुलींना पाठवायच्या नाहीत, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. रीत चांगली असली तरी तिने बाईची ही अडचण कधी सोडवली नाही, एवढं त्यांनी कबूल केलं.

मग भाचीने बांधलेल्या जागांची बाजू नीट मांडली. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२०मध्ये आलं. शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून शेतावर निवास, तंबू, जेवण अशा सोयी देता येतात. पांडुरंग तावरे यांनी बारामतीकडे २००५च्या सुमारास कृषी पर्यटन सुरू केलं, त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात अशी केंद्रं रुजली. २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं. त्यात गाड्या उभ्या करण्यासाठी रस्ता, पाणी, वीज, स्वच्छतागृह असलेल्या तळांची तरतूद आहे. ११ डिसेंबर २०२२ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला, आणि तो जालना नि बदनापूर तालुक्यांतून जातो. “नागपूरहून मुंबईकडे जाणारा माणूस इथून ताशी शंभरच्या वेगाने निघून जातो. त्याने एक रात्र थांबावं असं आपल्याकडे काही नाही का? मोसंबीच्या बागा आहेत. जांबसमर्थला रामदास स्वामींचं जन्मस्थान आहे. राजूरचा गणपती, अंबडची मत्स्योदरी आहे. डिसेंबरातलं कोरडं, स्वच्छ आकाश आहे. तेरा-चौदा तारखेला मिथुन राशीतून होणारा उल्कावर्षाव बघायला लोक शहरं सोडून लांब जातात. शेतकऱ्याला तंबूमागे चार पैसे मिळाले, तर कापसाचा भाव पडलेल्या वर्षी तेच कामाला येतील.”

“पाणी कुठलं वापरणार?”

मामांचा सगळा विरोध या एका प्रश्नात होता. २०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्याने राज्यातले सर्वात वाईट दिवस पाहिले. शहराला पाणी देणारा निजामकाळातला घाणेवाडी तलाव आटला. मोसंबीच्या बागा जळाल्या, लोकांनी झाडं मुळासकट काढून सरपणाला घातली. टंचाईत टँकरने पाणी देताना ग्रामीण भागात माणशी दिवसाला वीस लिटरचा हिशोब धरतात. जलजीवन मिशनने नळाने द्यायचं ठरवलं ते पंचावन्न लिटर. “आता तुझा तंबूवाला पाहुणा घे. फवाऱ्याखाली अंघोळ करणार. संडासात एका वेळी सहा ते दहा लिटर सोडणार. गावातली बाई दिवसभरात वापरते तेवढं पाणी तो सकाळी नाश्त्याच्या आधी संपवणार. तो दर देतो, मान्य. पण विहिरीतलं पाणी दर बघून वाढत नाही.”

भाचीने कडवंचीचं उदाहरण दिलं. जालना तालुक्यातलं हे गाव. १९९६पासून तिथे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून बांधबंदिस्ती, समतल चर, नाल्यांवर बंधारे अशी माथ्यापासून पायथ्यापर्यंत कामं झाली. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने ती गावकऱ्यांबरोबर केली. नंतर शेकडो शेततळी झाली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या, आणि शेजारची गावं टँकरवर असताना कडवंचीच्या बागा तगल्या. पाण्याचं नियोजन केलेल्या गावाने पाहुणा ठेवायला काय हरकत आहे?

“काहीच हरकत नाही,” मामा म्हणाले. “पण नियोजन आधी आणि पाहुणा नंतर. आणि त्या शेततळ्यांबद्दल मैत्रिणींना आत्ताच सांगून ठेव. प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, शेवाळाने गुळगुळीत झालेला. पाय घसरला तर पोहणाऱ्यालाही धरायला काही मिळत नाही. दरवर्षी पोरं दगावतात. हातपाय धुवायलासुद्धा काठावर उतरायचं नाही. मालकाला बादलीने काढून मागायचं.”

इथून बोलणं तत्त्वावरून जागेवर आलं, आणि दोघांचं बरंच जमू लागलं.

नदीकाठ नको, यावर एकमत झालं. नकाशात शहागडजवळचं गोदावरीचं पात्र सुंदर दिसतं, पण त्या पट्ट्यात वाळूची वाहनं रात्री फिरतात. पात्रात झोपणं धोक्याचं आहे. निम्न दुधना प्रकल्पाचं पाणी परतूरच्या बाजूने पसरतं. पाणी ओसरलं की काठच्या गाळपेरीत लोक हरभरा-गहू करतात, म्हणजे तीही कुणाच्या तरी पोटाची जमीन. काळ्या रानात खुंट्या सहज जातात, पण सकाळी दवाने माती चिकट होते आणि उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगांत विंचू-साप असतात. मुरमाड माळ बरा. पाणी निचरतं, झोपायला सपाट. फक्त खुंटी दोन बोटांवर जात नाही, तेव्हा तंबूच्या दोऱ्या मोठ्या दगडांना गुंडाळून बांधाव्या लागतात. वारा पहाटे उठतो, म्हणून दार वाऱ्याकडे ठेवू नये. कडब्याच्या गंजीपासून आणि रचून ठेवलेल्या पऱ्हाट्यांपासून दूर राहावं. एक ठिणगी पडली तर त्या घरच्या जनावरांची वर्षभराची वैरण जाते. चूल हवीच असेल तर मालकाच्या अंगणातल्या चुलीवरच करावं. रब्बीत शेतीपंपाची वीज अनेकदा रात्री असते, त्यामुळे माणसं रात्रभर दारं धरायला शेतात फिरतात. रानडुकरं आणि रोही हाकलायला कुणी ना कुणी जागं असतं. त्यांना आपण तिथे आहोत हे आधीच माहीत हवं, नाहीतर काठी आधी येते आणि प्रश्न नंतर.

मुक्कामाची जागा पाण्यावरून ठरते, हे या जिल्ह्याने मोठ्या प्रमाणावर पाहिलेलं आहे. मामांनी असईची गोष्ट काढली. सप्टेंबर १८०३मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा भोकरदनच्या बाजूला केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या जमिनीवर उतरल्या होत्या. हजारो माणसं, घोडे, तोफांचे बैल. दोन्हीकडे वाहतं पाणी असलेली जागा त्यांनी निवडली. २१ सप्टेंबरला बदनापूरला इंग्रजांचे सेनानी वेलस्ली आणि स्टीव्हन्सन भेटले आणि वेगवेगळ्या वाटांनी निघाले. २३ तारखेला वेलस्लीची फौज नळणीजवळ तळ टाकायच्या बेतात असताना मराठ्यांचा तळ काही मैलांवरच असल्याची खबर आली आणि त्याच दुपारी लढाई झाली. “एवढ्या फौजा ज्या गावांच्या पाण्यावर नि धान्यावर उतरल्या, त्या गावांचं नंतर काय झालं, हे कुणी फारसं लिहून ठेवलं नाही,” मामा म्हणाले. “म्हणून मी सारखा गावाच्या बाजूने विचारतोय.”

संध्याकाळी बेत ठरला तो असा. पहिला मुक्काम अंबडच्या पुढे मामांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुरमाड पट्टीवर. जागेचे पैसे तो घेणार नाही, म्हणून जेवण त्याच्या घरी पैसे देऊन घ्यायचं, आणि तिथला संडास वापरता येईल का हे आधी त्याच्या बायकोला विचारायचं. नवऱ्याने हो म्हटलेलं धरायचं नाही. ही भाचीची अट. संडास लांब असेल तर विहिरीपासून दोनशे फुटांवर वीतभर खोल खड्डा घेऊन मातीने बुजवायचा. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी पाच लिटर पाणी अंबडहून भरून न्यायचं. विहिरीवर अंघोळ करायची नाही. ही मामांची अट.

दुसरा मुक्काम जांबसमर्थजवळ. तिथे भाचीला ग्रामपंचायतीला रीतसर पत्र द्यायचं होतं: शाळेचं मैदान, एक रात्र, चार माणसं, संडास नि नळ वापरल्याबद्दल ठरावीक रक्कम, पावतीसह. मामांना पावतीची कल्पना रुचेना. गावाने पाहुण्याला पावती फाडावी, हे त्यांना पटत नव्हतं. तिने समजावलं, पावती असली की पुढच्या वर्षी कुणाचीही ओळख नसलेली मुलगी तेच पत्र घेऊन येईल आणि तिला नाही म्हणता येणार नाही. त्या पैशांतून शाळेचे संडास वर्षभर उघडे आणि स्वच्छ राहिले, तर त्याचा पहिला फायदा गावातल्या मुलींना. ऑगस्ट २०२२मध्ये तिथल्या राम मंदिरातल्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या होत्या, पुढे त्या सापडल्या. अशा गावाने रात्री येणाऱ्या अनोळखी माणसाचं नाव-गाव लिहून घेतलं तर तेही योग्यच. पावतीने दोन्ही बाजूंची काळजी मिटते.

मामांनी पत्राचा कच्चा मजकूर मागून घेतला, चष्मा लावून वाचला आणि दोन ठिकाणी लाल शाईने खूण केली. ‘पुरेसं पाणी उपलब्ध करून द्यावे’ हे खोडून त्यांनी ‘गावात टंचाई असल्यास पाणी आम्ही सोबत आणू’ असं लिहिलं. रकमेपुढची जागा भाचीने रिकामी सोडली होती. ती तशीच ठेवून आकडा ग्रामसभेने ठरवावा, असं दोघांचं ठरलं. पावती मात्र त्यांनी खोडली नाही. समासात प्रश्नचिन्ह तेवढं ठेवलं. भाचीने पत्र स्वच्छ लिहून काढलं, तेव्हा पावतीचा शब्द कायम होता आणि प्रश्नचिन्ह गाळलेलं होतं. मामांनी ते पाहिलं आणि सरपंचांचा फोन नंबर शोधायला वही उघडली.